शेवटून दुसरा दिवस: मालेगाव ते नाशिक

उत्तरेकडून सायकलवर मुंबईला येणाऱ्यांचा शेवटून दुसरा मुक्काम सहसा नाशिकला पडतो. दिल्ली, आग्रा, ग्वाल्हेर, इंदूर, सेंधवा, धुळे असं करत बाराशेच्या वर किलोमीटर झालेले असतात. अंगाला रोजची सवय झालेली असते आणि मोबाईलच्या नकाशावर मुंबई बोटभर अंतरावर दिसायला लागते. घोळ होतो तो याच टप्प्यावर. सायकल सगळ्यात जास्त झिजलेली, चालवणारा सगळ्यात जास्त निर्धास्त आणि दुसऱ्या दिवशी पुढ्यात कसारा घाटाचा उतार. म्हणून मालेगाव ते नाशिक या 105 किलोमीटरच्या दिवसाबद्दल जरा सविस्तर लिहितो.

आधी मोहाचं बोलू. शेवटचे दोन दिवस एकत्र करून मालेगावहून थेट मुंबई गाठायचं खूळ बऱ्याच जणांच्या डोक्यात येतं. हिशेब मांडून बघा. मालेगाव ते नाशिक 105 आणि तिथून मुंबई आणखी 165 च्या आसपास, म्हणजे 270. सामान लादलेल्या सायकलचा चालता वेग 18 धरा. कसारा घाटाच्या तोंडाशी पोचेपर्यंत 160 किलोमीटर, म्हणजे नऊ तास पायडल मारणं आणि किमान दोन तास थांबे. सकाळी सहाला निघालेला माणूस संध्याकाळी पाचला घाटात उतरायला लागतो. हिवाळ्यात सहानंतर अंधार. पुढे शहापूर ते भिवंडी हा कंटेनर आणि ट्रेलरचा पट्टा थकलेल्या डोळ्यांनी, रात्री, समोरच्या हेडलाइटच्या झोतात. ज्यांना जमतं त्यांना जमतं, पण त्यांच्या सायकलवर सामान नसतं आणि मागे गाडी असते.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. घाटाआधी सायकलचं काम नीट होईल असं शेवटचं ठिकाण नाशिक. इगतपुरीत पंक्चर निघेल, पण डिस्क ब्रेकचे पॅड किंवा दहा गिअरची चेन मिळेल या भरवशावर जाऊ नका. नाशिकचं तसं नाही. 2015 साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या इथल्या भावांच्या जोडीने अमेरिकेतली रॅम (रेस अक्रॉस अमेरिका) ही सायकलशर्यत पूर्ण केली, ती पूर्ण करणारा तो पहिला भारतीय संघ. त्याच्या आगेमागेच गावात सायकलचं वातावरण तयार झालं आणि त्याबरोबर चांगल्या सायकलींचे पार्ट ठेवणारी दुकानं आणि ते बसवणारे हातही आले. तेव्हा दिवसाचं वेळापत्रक उलटं मांडायचं: दुपारी दोनला नाशिकमध्ये असायचं, म्हणजे संध्याकाळ सायकलला देता येते. दुपारी कुलूप लावून चारला उघडणारी दुकानं अजून आहेत, आणि आठवडी सुट्टीचा वार प्रत्येकाचा वेगळा. आदल्या रात्री मालेगावहूनच फोन करून विचारून ठेवा. कुठला पार्ट लागणार तेही तेव्हाच सांगा. नुसतं 'डिस्कचे पॅड' म्हणून भागत नाही, कॅलिपरचा (पॅड धरणाऱ्या भागाचा) मॉडेल नंबर वाचून दाखवा किंवा फोटो पाठवा.

सहाला निघालात तर नऊच्या सुमारास चांदवड, सव्वाअकराला पिंपळगाव बसवंत, दीड ते दोनला नाशिक. हिवाळ्यात सहाला अजून अंधार असतो आणि ट्रॅक्टर बिनदिव्याचे असतात, त्यामुळे पुढचा दिवा दणकट हवा. तो नसेल तर साडेसहाला निघा आणि चांदवडचा थांबा छोटा करा.

निघण्याआधीची तपासणी पाच मिनिटांची आहे आणि ती रोजचीच, पण या दिवशी टाळू नका. पुढचा ब्रेक दाबून धरा आणि सायकल पुढेमागे हलवा. हँडलच्या मुळाशी टकटक जाणवली तर हेडसेट, म्हणजे हँडलच्या मुळातलं बेअरिंग, सैल आहे. मागच्या चाकाचे स्पोक दोन-दोन करून चिमटीत दाबत जा. एखादी जोडी बाकीच्यांपेक्षा लिबलिबीत लागली तर ती खूण करून ठेवा. तुटतो तो सहसा मागच्या चाकाचा, फ्रीव्हीलच्या बाजूचा, कारण त्या बाजूला ताण जास्त आणि सामानही मागेच. कॅरिअरचे चार बोल्ट 4 नंबरच्या एल-कीने दाबून बघा. महामार्गाच्या जोडांवरून हजार किलोमीटर ठकठक झाल्यावर हे बोल्ट हळूहळू निघतात, आणि खालचा एखादा बोल्ट गळून पडला तर कॅरिअरचा दांडा स्पोकमध्ये जातो. शिवाय सीटपोस्ट बघा. तो रोज केसभर खाली सरकत असतो आणि चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही, फक्त गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागतं. पहिल्याच दिवशी फ्रेमच्या तोंडाशी सीटपोस्टला इन्सुलेशन टेपचा वेढा मारून ठेवला असेल तर नजरेनेच कळतं.

मालेगाव समुद्रसपाटीपासून साधारण 440 मीटरवर आहे आणि नाशिक 580 च्या घरात. म्हणजे दिवसभरात निव्वळ चढ फार नाही. पण तो सरळ चढत नाही. मोसम-गिरणेचं खोरं सोडून सौंदाणे, उमराणे करत रस्ता हळूहळू वर येतो, मग राहुड घाट लागतो आणि तो चढला की चांदवड. घाट लांब नाही, पण सगळी जड वाहनं इथे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगतात आणि डावीकडे सरकतात. ट्रकच्या धुरात त्याच्याच वेगाने चढत राहणं हा सगळ्यात वाईट पर्याय आहे. त्याला पुढे जाऊ द्या, अर्धा मिनिट थांबा आणि मोकळ्या पट्ट्यात चढा. सगळ्यात हलका गिअर आधीच टाका. चढ सुरू झाल्यावर ताण असताना गिअर ओढला की झिजलेली चेन उडते, आणि या टप्प्यावर तुमची चेन झिजलेलीच असते. पायडलचे फेरे मिनिटाला 65-70 च्या खाली जाऊ देऊ नका. जड गिअर रेटून चढणाऱ्यांचे गुडघे टूरच्या शेवटीच बोलायला लागतात.

उजव्या-डाव्या हाताला दिसणारे ते तुटके डोंगर म्हणजे सातमाळा: राजधेर, कोळधेर, इंद्राई, आणि चांदवडचा स्वतःचा किल्ला. या रांगेच्या अलीकडचं पाणी गिरणेतून तापीला आणि पुढे अरबी समुद्राला जातं, पलीकडचं गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागराला. उद्या कसारा उतरलात की पुन्हा अरबी समुद्राचं पाणी. सलग दोन दिवसांत दोनदा पाणलोट ओलांडणं सायकलवाल्याला पायात कळतं, मोटारवाल्याला कळायचं कारण नाही.

चांदवडला नाश्ता करा. रेणुकामातेचं मंदिर महामार्गाला लागूनच आहे आणि अहिल्याबाईंच्या काळातला रंगमहाल गावात. वेळ असेल तर बघा, नसेल तर हळहळू नका. पोहे, उपमा, इडली यातलं काहीही चालेल. तेलकट वडा आणि तर्रीदार मिसळ मात्र आत्ता नको. मिसळ नाशिकची खासियत खरी, पण ती दुपारी सायकल टेकवल्यावर. पुढे 65 किलोमीटर उन्हात वाकून बसायचं असताना तिखट तर्री पोटात ठेवली की घशाशी येते. सायकलवर तासाला 30 ते 60 ग्रॅम पिष्ट-साखर पोटात जायला हवी: दोन केळी, किंवा मूठभर खजूर, किंवा चिक्कीच्या दोन वड्या. जानेवारी ते मार्च असेल तर पिंपळगाव पट्ट्यात रस्त्याच्या कडेला द्राक्षं मिळतात. ती धुवूनच खा, बागेतल्या फवारणीचा थर असतो. बेदाणे जास्त सोयीचे. सडत नाहीत, चेपत नाहीत.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर. टूरच्या शेवटी तहानेची जाणीव बोथट होते असं बऱ्याच जणांच्या बाबतीत दिसतं, म्हणून घड्याळ लावून प्या. क्षारांचं पाकीट एक लिटरचं असेल तर एक लिटरमध्येच घाला. अर्ध्या बाटलीत पूर्ण पाकीट ओतलं की मळमळतं. पाकीट संपलं असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. रसवंतीचा ऊसरस उत्तम, फक्त बर्फाला नाही म्हणा. आणि एक सांगून ठेवतो: दुखतंय म्हणून पेनकिलर खाऊन सायकल चालवू नका. अंगात पाणी कमी असताना आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात, आणि दुखणं दबल्यामुळे इजा वाढते ती वेगळीच.

चांदवड ते पिंपळगाव हा पट्टा वडाळीभोई, खडकजांब करत जातो. उतार आहे असं नकाशा म्हणतो, पण पायांना तो तसा लागत नाही, कारण रस्ता लाटांसारखा वर-खाली होत राहतो आणि वाऱ्याचा प्रश्न असतो. हिवाळ्यात सकाळी वारा असला तर ईशान्येकडून, म्हणजे पाठीवर. फेब्रुवारी-मार्चपासून दुपारी पश्चिमेचा वारा उठतो आणि तुम्ही नैर्ऋत्येला तोंड करून चाललेले असता. साडेअकराच्या आत पिंपळगाव गाठणाऱ्याला जो रस्ता सोपा वाटतो, तोच दोन वाजता नको होतो. पावसाळ्यात तर वारा दिवसभर तोंडावर.

ऊन नुसतं गरम होतं म्हणून त्रासाचं नाही. दुपार कलली की सूर्य तुमच्या पुढ्यात येतो, आणि मागून येणाऱ्या ड्रायव्हरच्याही डोळ्यांत तोच सूर्य असतो. त्याच्या धुळकट काचेतून काळ्या टी-शर्टमधला सायकलवाला दिसतच नाही. मागचा लाल दिवा दिवसाही लुकलुकता ठेवा आणि तो पिशवीच्या आडोशाला गेलेला नाही ना, हे मागे दहा पावलं जाऊन बघा. निम्म्याहून जास्त लोकांचा दिवा पॅनिअरवरच्या (कॅरिअरला लटकवलेल्या पिशव्यांवरच्या) गुंडाळलेल्या चटईने झाकलेला असतो.

आता कांदा-टोमॅटोचं. उमराणे, चांदवड, पिंपळगाव या सगळ्या बाजार समित्या याच रस्त्यावर आहेत. सकाळी आठ ते अकरा ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि पिकअपची रांग लागलेली असते. ट्रॅक्टर कडेच्या पट्ट्यातून उलट्या दिशेने येतो, हे इथे गृहीतच धरायचं. त्याला शिकवायला जाऊ नका, थांबा. ट्रॉलीतून सांडलेले कांदे चाकाखाली सापडले तर चाक सटकतं. ऑगस्ट ते नोव्हेंबर टोमॅटोचा हंगाम. पिंपळगावच्या आसपास चिरडलेल्या टोमॅटोवर टायर साबणासारखा घसरतो. तिथे वळताना ब्रेक मारायचा नाही, वळणाआधीच वेग कमी करायचा. आणि ट्रॉलीच्या मागे लोंबणारी ताडपत्रीची दोरी बघा; जवळ जाऊन सावलीत चालायचा मोह होतो आणि ती दोरी हँडलमध्ये अडकते.

कडेचा पट्टा रिकामा दिसतो, पण पंक्चरचं मूळ तिथेच आहे. ट्रकचे टायर फुटतात, त्यातल्या पोलादी तारांचे केसासारखे तुकडे कडेला साचतात. ही तार टायरमधून आत शिरते, पण ट्यूबला एकदम भोक पाडत नाही. हवा रात्रीतून जाते. सकाळी ट्यूब बदलली की तार तिथेच, आणि दहा किलोमीटरवर पुन्हा तेच. म्हणून पंक्चर काढताना आधी ट्यूब टायरशेजारी धरून भोक कुठल्या जागी आहे ते टायरवर खडूने मारा. मग टायर आतून बाहेर उलटवून त्या जागी कापसाचा बोळा फिरवा. बोटाने फिरवलं तर बोट कापतं आणि तरी तार सापडत नाही; कापूस मात्र अडकतो. जिथे धागा अडकला तिथे टायर वाकवा, टोक वर येतं, ते प्लकरने किंवा छोट्या चिमट्याने सरळ ओढा. बाभळीचा काटा असेल तर बाहेरून तुटलेला असतो आणि आतलं टोक तसंच राहतं, त्यालाही हाच उपाय. पॅच लावताना ट्यूब घासा, सोल्यूशनचा पातळ हात द्या आणि पाच मिनिटं थांबा. ओल्यावर चिकटवलेला पॅच उन्हात सुटतो. घाईत हेच पाच मिनिटं वाचवली जातात.

रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर मोटारीच्या व्हॉल्वचा असतो. तुमचा व्हॉल्व बारीक, प्रेस्टा असेल तर पितळी अडॅप्टर खिशात हवा. कॉम्प्रेसरने भरायला त्याच्या हातात देऊ नका. मोटारीच्या अंदाजाने हवा मारली तर ट्यूब तिथेच फुटते. 32 मिलिमीटरच्या टायरला, 75-80 किलोचा माणूस आणि 12-15 किलो सामान असेल तर मागे 70 ते 75 पीएसआय, पुढे 55 ते 60. सामान मागे असेल तर पुढे तेवढीच हवा ठेवायची गरज नाही, हात बधिर होतात.

हातांवरून आठवलं. करंगळी आणि शेजारच्या बोटात मुंग्या येणं हे लांबच्या टूरच्या शेवटी हमखास दिसतं. तळहाताच्या कडेने जाणारी नस हँडलवर दबते. नुसते जाड हातमोजे घालून ते जात नाही. सीटचं नाक खाली झुकलंय का बघा. तसं असेल तर अंग पुढे घसरतं आणि सगळा भार हातांवर येतो. सीट सपाट करा आणि दर दहा मिनिटांनी पकड बदला. या बोटांनीच उद्या घाटात ब्रेक दाबायचाय, म्हणून हे किरकोळ समजू नका.

पिंपळगावचा टोलनाका, मग कोकणगाव, ओझर. गावांवरच्या उड्डाणपुलांवर चढायचं की खालच्या सेवारस्त्याने जायचं? माझं मत: सकाळी रहदारी कमी असताना वरून, अकरानंतर खालून. पुलावर कडेचा पट्टा अरुंद होतो आणि पुलाच्या शेवटी डावीकडून सेवारस्त्याची वाहनं वेगात येऊन मिळतात. खाली गतिरोधक, उभे ट्रक आणि कुत्री असतात, पण तिथला वेग माणसाच्या आवाक्यातला असतो. खालच्या रस्त्यावर उभ्या ट्रकपासून दार उघडेल एवढं अंतर ठेवा. स्वच्छतागृह हवं असेल तर पेट्रोल पंप. महिलांनी मोठ्या कंपनीचा, गर्दीचा पंप निवडावा, ढाब्यांवर सोय असेलच असं नाही.

ओझरला विमानांचा कारखाना आणि विमानतळ, पुढे दहावा मैल, मग आडगाव. इथून शहर सुरू होतं आणि इथेच नकाशाचं ॲप उड्डाणपुलाकडे ढकलतं. के. के. वाघ कॉलेजपासचा तो लांब पूल शहर ओलांडून थेट पलीकडे नेतो. सामान घेऊन त्यावर चढू नका, दुकानं सगळी खाली. आडगाव नाक्याकडून जुन्या आग्रा रोडने आत या: निमाणी, पंचवटी कारंजा, मालेगाव स्टँड, अहिल्यादेवी होळकर पूल, रविवार कारंजा. सकाळी मालेगाव सोडलेला माणूस दुपारी मालेगाव स्टँडवर पोचतो, याची गंमत नाशिककरांना आता वाटत नाही. 2027 च्या सिंहस्थाच्या तयारीची कामं शहरभर चालू आहेत, त्यामुळे खोदलेले रस्ते आणि वळवलेली रहदारी धरून अर्धा तास जास्त ठेवा.

आता संध्याकाळ. एक गोष्ट आधीच सांगतो: सायकल मोटारी धुण्याच्या सेंटरवर नेऊ नका. जोराच्या फवाऱ्याने हबमधलं आणि पायडलच्या अॅक्सलमधलं ग्रीस धुतलं जातं. आणि धुतल्यावर पोरगं कौतुकाने डिझेल किंवा चकाकीचं तेल फवारतं. ते डिस्कवर पडलं की ब्रेक संपला. पॅड ते तेल शोषून घेतो आणि कितीही घासलं तरी पूर्ण सुटत नाही, पॅड बदलावाच लागतो. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून चालते. बादली, मग, जुना ब्रश आणि फडकं एवढं पुरे.

सगळ्यात पहिल्यांदा ब्रेक. रबराचे पॅड असतील तर त्यावर झीज दाखवणारी रेघ किंवा खाच असते. ती दिसेनाशी झाली असेल तर बदला. तेव्हाच रिमच्या बाजूवरून नख फिरवा. बऱ्याच रिमना झिजेची बारीक खाच असते, ती गेली असेल तर रिम पातळ झालाय आणि घाटात तापून फाटू शकतो. पॅडमध्ये रुतलेले ॲल्युमिनियमचे चमकते कण सुईने काढा, तेच रिम खरवडतात. डिस्क असेल तर चाक काढून पॅड बाहेर काढा आणि पत्रा सोडून नुसता मसाला, म्हणजे डिस्कवर घासणारा थर, किती उरलाय ते बघा. अर्धा मिलिमीटर म्हणजे संपला. एक मिलिमीटर असेल तर सपाटीला मुंबईपर्यंत जाईल, पण घाटासाठी मी तो बदलायला सांगेन. नवा जोड फार महाग नाही. केबलच्या बहुतेक डिस्क ब्रेकमध्ये एकच पॅड हलतो, दुसरा स्थिर असतो, त्यामुळे आतल्या बाजूचा पॅड वेगळा पुढे आणावा लागतो. नुसती केबल ओढत राहिलात तर डिस्क एका बाजूला वाकून घासते आणि लिव्हर मऊच राहतो.

नवे पॅड बसवून तसेच झोपू नका. नव्या पॅडचा मसाला डिस्कवर बसायला लागतो, त्याआधी ब्रेक निम्म्याने लागतो. रिकाम्या रस्त्यावर जाऊन ताशी 20-25 चा वेग घ्या आणि चाक जाम न करता चालण्याच्या वेगापर्यंत कमी करा. असं पंधरा-वीस वेळा, आधी पुढचा, मग मागचा. गंगापूर रोडला पहाटे किंवा रात्री उशिरा हे जमतं. करकर आवाज आधी येतो, मग ब्रेक चावायला लागतो. तो चावायला लागेपर्यंत करा.

मग चेन. स्टीलची पट्टी चेनच्या एका पिनच्या मध्यावर लावा आणि 12 इंच मोजा. नव्या चेनची पिन बरोबर 12 इंचांवर, म्हणजे 304.8 मिलिमीटरवर येते. दीड मिलिमीटर पुढे गेली असेल तर झीज अर्धा टक्का, तीन मिलिमीटर म्हणजे एक टक्का. घरी असताना अर्ध्या टक्क्यालाच चेन बदलावी. पण आज उलटा सल्ला आहे: एक टक्का झिजली असली तरी बदलू नका. मागचे दात त्या जुन्या चेनबरोबरच झिजलेत. नवी चेन त्यांच्यावर बसत नाही आणि जोर लावला की उडते. उरलेल्या अंतरासाठी जुनी जोडीच बरी, घरी गेल्यावर चेन आणि कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) एकदम बदला. दुकानदार नवी चेन विकायला बघेल, त्याचं बरोबरच आहे, तुम्ही नाही म्हणा. फक्त एखादा दुवा अडकतोय का ते चेन उलटी फिरवून बघा. रात्रीच तेल घाला, प्रत्येक दुव्याला एक थेंब, आणि सकाळी बाहेरचं सगळं पुसून काढा. ग्रीस नको, गाडीचं जुनं इंजिन ऑइल तर नकोच.

मागच्या गिअरची केबल लिव्हरच्या आत, डोक्याजवळ, एकेक तार तुटत जाते. बाहेरून दिसत नाही. लहान चकतीकडे जाताना गिअर आळस करायला लागला तर शंका घ्या आणि बदलून टाका. वाटेत तुटलीच तर चेन सगळ्यात लहान चकतीवर जाऊन बसते. तेव्हा डिरेलरचा (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाचा) एच लिहिलेला स्क्रू आत पिळून तिला एक-दोन चकत्या वर आणता येतं आणि घर गाठता येतं. चाकाला आउट असेल, म्हणजे फिरताना ते डुलत असेल, तर तो मात्र आजच काढून घ्या, आणि मागचा टायर कुठे कापला गेलाय का बघा. कापलेल्या जागी आतून जुन्या टायरचा किंवा टूथपेस्टच्या ट्यूबचा चौकोनी तुकडा ठेवला की ट्यूब बाहेर येत नाही.

तंबू, स्टोव्ह, स्लीपिंग बॅग आता लागणार नाही. पोस्टाने किंवा कुरिअरने घरी पाठवा, तीन-चार किलो उतरले तर ब्रेकवरचा भारही तेवढाच उतरतो. पंप, दोन ट्यूब, पॅच, एल-की आणि चेन तोडायचं अवजार मात्र शेवटच्या किलोमीटरपर्यंत सोबत. हो, आता मिसळ खा.

बसण्याच्या जागेची कातडी सोलली असेल तर कोमट पाण्याने धुवा, कोरडी करा आणि रात्री सैल सुती कपडे घाला. सायकलिंगची पँट ओली असेल तर उद्या घालू नका, दुसरी घाला. पँटमधल्या दमट पॅडने होणारी जखम एका दिवसात फोडाचं रूप घेते.

उद्यासाठी: साडेपाचला पाथर्डी फाटा सोडा. विल्होळी, गोंदे, घोटी, इगतपुरी. इगतपुरीजवळ ॲप समृद्धी महामार्गावर नेऊ शकतं, तिथे सायकलला बंदी आहे. घाटात चढ-उताराचे रस्ते वेगळे आहेत, पण काम निघालं की वाहतूक एका बाजूला वळवतात, पाटी वाचा. ब्रेक सतत दाबून धरू नका, पॅड आणि रिम तापतात. सरळ पट्ट्यात दोन्ही ब्रेक जोरात दाबून वेग 20 वर आणा, सोडा, पुन्हा दाबा. वळणात शिरण्याआधी ब्रेक झालेला हवा. लिव्हर हँडलला टेकायला लागला तर कडेला थांबा आणि दहा मिनिटं गार होऊ द्या. डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते. खाली लतीफवाडी आली की केबल एकदा ताणून घ्या आणि शहापूरच्या आधी बाटल्या भरा.